महादूला शिकवलेला एक शब्द

त्या सकाळी शेजारची सखूबाई मागच्या अंगणातूनच ओरडली, "गुरुजी, महादू हलत नाय…" खोलीत गेलो तर अंग गार पडलेलं. त्याला आता सहा आठवडे झाले. मुरबाडजवळच्या आमच्या गावात त्याच्याबद्दल लिहील असं दुसरं कोणी नाही, म्हणून मी लिहितो आहे.

महादू माझ्या पहिलीच्या वर्गात चार वर्षं बसला. अक्षर काही डोक्यात शिरलं नाही. काहीही विचारा, उत्तर एकच, "हो". मोठेपणी कुणाच्या तरी शेतावरचा पंप चोरीला गेला, तेव्हा पोलिसांनाही तो "हो"च म्हणाला. जामीन राहायला कोणी नव्हतं. खटला चालेपर्यंत तीन वर्षं तुरुंगातच गेली आणि शेवटी निर्दोष सुटला. तोवर आई वारली होती. भावाने दारातूनच सांगितलं, "आमच्या पोरींची लगनं व्हायचीत, गुरुजी. याला तुमीच न्या." माझी बायको जाऊन वर्ष झालं होतं, मुलगा नाशिकला. मी त्याला घरी आणलं.

गावात कोंबडी हरवली तरी लोक त्यालाच विचारायला यायचे. म्हणून रोज संध्याकाळी ओट्यावर त्याचा अभ्यास घेऊ लागलो. "महादू, माझा चष्मा तू घेतलास?" "हो." चष्मा माझ्या नाकावरच असायचा. तोंडून "नाय" यायला अख्खा पावसाळा गेला. पुढे म्हसा गावच्या जत्रेत कुणाची तरी घोंगडी गेली आणि चौघांनी त्याला धरलं. गर्दीतून मी पोचेपर्यंत तो सांगत होता, "नाय. मी नाय घेतली." मला रडू आवरेना.

यंदा छातीत कफ साचला, ताप उतरेना. शहापूरच्या एका दवाखान्यात नेलं. दाखल करायचं ठरलं, पण वॉर्डाच्या दाराला लोखंडी जाळी, बाहेर खाकी कपड्यातला राखणदार. महादू पायरीवरच बसला. "नाय, गुरुजी. आत नाय." मी समजावलं, रागावलोसुद्धा. शेवटी गोळ्या घेऊन परत आणलं. घरी आणल्यापासूनच्या अकरा वर्षांत, ओट्यावरचा अभ्यास सोडला तर, मला तो पहिल्यांदाच नाही म्हणाला होता… त्याचं ऐकायला नको होतं का, हे आता कुणाला विचारू?

काल दुपारी त्याची खोली झाडायला घेतली. महादू कायम भिंतीला चिकटून, एका कुशीवर झोपायचा. बाकीची जमीन मोकळी. "पसरून झोप की रे," असं एकदा म्हणालो, तर म्हणाला, "दुसरी मान्सं येतील ना झोपायला." आत असताना तशी सवय लागली असावी. इथे कोणी आलं नाही. गोधडी अजून भिंतीलगतच आहे. केरसुणी बाजूला ठेवली आणि त्याने सोडलेल्या जागेत मी आडवा झालो.