गंगम्मा वैनींची कावीळ

गंगम्मा वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ लवकर गेला. उमरग्याजवळच्या आमच्या गावात वैनी सकाळी म्हशीचं दूध सहकारी डेअरीत घालायच्या आणि मग रोजगार हमीच्या तलावावर खडी फोडायला जायच्या. त्यांच्याविषयी दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो आहे.

त्यांचा एक नेम होता. आंघोळ करून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. शहाऐंशीच्या दुष्काळात गावात टँकर येईनासा झाला. मिळालेली घागर म्हशीला जायची. आंघोळ नाही म्हणून पूजा नाही, पूजा नाही म्हणून जेवण नाही. त्यातच दाढ सुजली. औषध म्हणजे काही जेवण नव्हे, असं म्हणून त्या दुकानातल्या पांढऱ्या गोळ्या उपाशीपोटी घेत राहिल्या. ठणका थांबेना, तेव्हा कामावर वाटलेल्या तापाच्या गोळ्याही वरून घेतल्या. दोन्हींत औषध एकच होतं, हे त्यांना कोण सांगणार?

उलट्या सुरू झाल्या. डोळे पिवळे पडले. कावीळ झाली, असं गाव म्हणालं. एका सकाळी त्या पोटच्या लेकीला, महादेवीलाच ओळखीनात. गावातल्या गुंडाप्पाची जीप काढून आम्ही सोलापूरचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी रक्तातली साखर पाहिली आणि तिथल्या तिथं शिरेतून ग्लुकोज दिलं. थोड्या वेळानं वैनींनी डोळे उघडले.

"म्हशीला पाणी दावलं का, भावजी?" त्यांनी मला विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमचं लिव्हर साखर राखीना झालंय. रक्त लवकर गोठत नाही, त्यात आम्लही वाढलंय. साधी कावीळ वाटत नाही मला. पॅरासिटामॉलच्या, म्हणजे तापाच्या गोळ्या किती घेतल्या? जास्त झाल्या असतील तर त्यावर औषध आहे, पण आत्ताच सुरू करायला हवं."

वैनींनी दाराकडं पाहिलं. दारातून शरणम्मा आत येत होत्या. त्या नळदुर्गच्या. महादेवीचं त्यांच्या मुलाशी ठरलं होतं आणि त्या विहिणीला पाहायला आल्या होत्या. बाईनं मुठीनं गोळ्या खाल्ल्या म्हटलं की गावात एकच अर्थ निघायचा, जीव द्यायला गेली. अशा घरची पोर कोण करून घेणार?

"एक खाल्ली," वैनी भिंतीकडं बघत म्हणाल्या.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मला खरा आकडा ठाऊक नव्हता. मी मान खाली घातली. उशाशी उभी असलेली महादेवी रडायला लागली. "आई, तू गेलीस तर कुणाचं लगीन करायचं गं?"

वैनींनी पदर तोंडावर ओढला. पदराआडूनच म्हणाल्या, "लई खाल्ल्या. मोजल्या न्हाईत. दाढंसाठी, डॉक्टरसाहेब. मरायला न्हाय."

"जेवत होता का?"

यावर त्या अधिकच आक्रसल्या. गोळ्यांपेक्षाही हे सांगणं त्यांना जड गेलं. "आंगोळच न्हाय, तर पूजा कशी? मग जेवू कशी?"

शरणम्मा खाटेजवळ बसल्या. "इहिणबाई, आमच्याकडं तरी कुठं नळ वाहतुया? आमी कपाळाला इबूत लावतो आन् जेवतो. देवाला काय दुष्काळ ठावं न्हाई व्हय?"

औषध आलं. छातीतला कफ पातळ करायचं, पण लिव्हरला वाचवणारंही तेच, असं डॉक्टर म्हणाले. त्याला सडक्या अंड्याचा वास येत होता. वैनींनी पेला बाजूला सारला.

"आंडं हाय ह्यात. जन्मात शिवले न्हाय म्या."

"अंडं नाही बाई, गंधकाचा वास आहे तो."

शरणम्मांनी पेला हातात घेऊन हुंगला आणि नाक मुरडलं. "वास तर लईच घाण हाय. पर तुमच्या दिवसकार्याचं लाडू खायचं न्हाई आपल्याला, लेकीच्या लग्नात खायचं हाय. प्या!"

वैनी प्यायल्या. ओकल्या. पुन्हा प्यायल्या. ग्लुकोज चालूच होतं. डॉक्टर रोज रक्त तपासत. हळूहळू डोळ्यांचा पिवळेपणा उतरला. पुढं त्यांना घरी सोडलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "गोळी विचारून घ्यायची, आणि उपाशी राहायचं नाही." वैनींनी मान हलवली, वर मात्र पाहिलं नाही.

महादेवीचं लग्न ठरल्याप्रमाणं झालं. मांडवात नळदुर्गच्या एका बाईनं विचारलं, "मुलीची आई दवाखान्यात हुती म्हणं. काय झालतं?"

वैनी अक्षतांचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्या काही बोलायच्या आत शरणम्मा म्हणाल्या, "कावीळ. दुसरं काय?"

वैनींनी ताट खाली ठेवलं. विहिणीला आपल्यासाठी खोटं बोलावं लागलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं. मग त्या बाईकडं वळून त्या हळूच म्हणाल्या, "कावीळ न्हाय बाई. गोळ्या जास्त झाल्या हुत्या. उपाशीपोटी. तुमच्यात कुणी खात आसंल, तर सांगा त्यांना."

त्या बाईनं डोळे मोठे केले. शरणम्मांनी मात्र ताट उचलून पुन्हा वैनींच्या हातात दिलं.