शिफ्ट सुटली

भिवंडीत मी मुलींना कॉम्प्युटर शिकवायचे तेव्हाची गोष्ट. एका संस्थेने आमच्या क्लासला एक सीडी दिली होती. वयात येण्यापासून बाळंतपणापर्यंत सगळं तिच्यात होतं. पडद्यावर दोन वेण्यांची मुलगी यायची, प्रश्न विचारायची, आपण माऊसने उत्तर निवडलं की बरोबर की चूक ते गोड आवाजात सांगायची. त्या गोड आवाजाचा मला भारी राग यायचा. म्हणे 'मासिक रक्तस्राव'! आमच्यापैकी कुणाच्या घरात असं बोलतात?

मुलींचा शब्द होता शिफ्ट. एका खोलीत बाप, भाऊ, सगळेच. तिथे 'पाळी' म्हणायची सोय नव्हती. मग पाळीची शिफ्ट झाली. शिफ्ट लागली, शिफ्ट चुकली, असं चारचौघांत खुशाल बोलता यायचं. घरच्यांना वाटायचं, लूमच्या कारखान्यातल्या कामाचंच काहीतरी चाललंय. मीही घरी तेच म्हणायचे.

राहनाळची एक मुलगी गोदामातलं पॅकिंगचं काम आटोपून क्लासला यायची. मानकोलीत तिचं लग्न ठरलं होतं, म्हणून आई तिला एकटी सोडत नसे, दाराशी बसून राही. मुलगी अलीकडे पांढरीफटक दिसायची, जिना चढून आली की भिंतीला टेकायची. एक दिवस माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, माझी शिफ्ट सुटतच न्हाय."

दारातून आई म्हणाली, लग्नापर्यंत काम सोड म्हणून कधीची सांगते, ऐकेल तर शपथ.

लागलेली शिफ्ट ऐकली होती, चुकलेली ऐकली होती. न सुटणारी पहिल्यांदाच. हळूच विचारलं, तर गणपतीत लागलेली अजून चालू होती, आणि आता नवरात्रही उलटून गेलं होतं. आईला सांगितलं नव्हतं. ठरलेली मुलगी बायकांच्या डॉक्टरकडे दिसली तर लोक काहीबाही बोलतील, लग्न मोडेल, ही तिची धास्ती.

आईशी कसं बोलावं ते मलाही सुचेना. मी सीडी लावली. मुलीने आईला बोलावून शेजारी बसवलं आणि तिचा हात माऊसवर ठेवला. पडद्यावरच्या मुलीने विचारलं, रक्तस्राव आठवड्याहून जास्त चालला तर वाट बघावी की डॉक्टरांकडे जावं?

"ही कोनाला इचारते?" आई म्हणाली.

"मला, आये. शिफ्ट म्हंजे तीच. माझी थांबत न्हाय."

आईने माऊसवरचा हात काढून घेतला. रागावेल असं मला वाटलं.

"माझीबी अशीच सुटत न्हवती," ती म्हणाली. "कोनाला बोलले न्हाय. शेवटी पिशवी काढली तवा सुटली. तुझी न्हाय काढू देनार."

मग तिने विचारलं, डॉक्टरचं उत्तर कुठलं, आणि स्वतःच्या बोटाने बटण दाबलं. शाब्बास, गोड आवाज म्हणाला. त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही. दोघी तिथूनच दवाखान्यात गेल्या.

दिवाळीनंतर आई मला रिक्षा स्टँडवर भेटली. सोबत गावातल्या बायका होत्या. तिने लांबूनच हाक मारली, "ताई, पोरीची शिफ्ट सुटली."

गोदाम सोडलं काय, बायकांनी विचारलं. सोडलं, ती म्हणाली, आणि माझा हात घट्ट धरला. मला तिथेच रडू आलं. गोदाम सुटलं म्हणून ही बाई कशाला रडते, ते त्या बायकांना कळेना.