उपवासाचा जोंधळा

आमच्या घरात धान्याच्या तीन कणग्या होत्या. दोन घराच्या आणि एक आत्तींची. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, धोंडूबाई; आमच्याकडं सासूला आत्तीच म्हणतात. सदलग्याच्या अलीकडं दूधगंगेच्या काठावर आमचं गाव. जैनांची चाळीसेक घरं, रानात जोंधळा आणि तंबाखू. सदतीस साली मी सून होऊन त्या घरात आले आणि पहिल्याच दिवशी मला ती तिसरी कणगी दाखवून सांगण्यात आलं की हिला हात लावायचा नाही.

त्या कणगीत आत्तींनी न खाल्लेला जोंधळा होता. अष्टमीला आणि चतुर्दशीला त्यांचा उपवास असे, भाद्रपदात दहा दिवस ओळीनं. उपवासाच्या दिवशी सकाळी दळणाचा जोंधळा काढला की त्यातून आपल्या वाटणीच्या तीन ओंजळी त्या बाजूला काढत. त्यांच्या सासूनं तसा निवाडाच देऊन ठेवला होता: सुनेनं जे खाल्लं नाही ते सुनेचं. नव्या नवरीनं बोलायचं नसतं म्हणून मी बोलले नाही, पण राग मला तेव्हाही आला होता. पोटात गेलेलं ते घरचं आणि उपाशी राहिलेलं तेवढं बाईचं.

हा जोंधळा कशासाठी, ते गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. म्हैसूरकडं श्रवणबेळगोळला डोंगरावर बाहुबलीची उभी मूर्ती आहे. तिला मस्तकापासून अभिषेक होतो, तो काही दरसाल नव्हे, बारा-पंधरा वर्षांतून एकदा. आत्तींना तो बघायचा होता. घरच्या पैशानं नाही, स्वतःच्या उपवासाच्या जोंधळ्यावर. अभिषेक पंचवीस साली झाला तेव्हा त्यांची चार पोती भरली होती. पोती विकली, पैसे मामंजींकडं ठेवायला दिले. मामंजी म्हणजे माझे सासरे, नेमिनाथ. त्याच महिन्यात तंबाखू सुकवायच्या छपराचे वासे मोडले आणि मामंजींनी ते पैसे छपराला घातले. नंतर देतो म्हणाले. ते खोटं बोलणारे नव्हते. द्यायचं राहून गेलं, इतकंच, आणि ते पंधरा वर्षं राहून गेलं.

त्यातून आत्ती एक गोष्ट शिकल्या. जोंधळा असतो तोवर तो आपला असतो, त्याचा पैसा झाला की तो घरचा होतो. म्हणून दुसऱ्या खेपेला त्यांनी पैसा केलाच नाही. जोंधळाच ठेवत गेल्या. पण जोंधळा पंधरा वर्षं कसा टिकणार? त्यासाठी दर सुगीला त्या कणगी रिकामी करत, जुना जोंधळा घरात दळायला देत आणि तेवढाच नवा भरून घेत. मग तोंड शेणामातीनं लिंपून टाकत. पुढं वर्षभर जमेल तो एका मडक्यात, आणि मडक्यातला पुढच्या सुगीला कणगीत. एवढी यातायात, आणि ती सुद्धा रानातली, गोठ्यातली, चुलीपुढची सगळी कामं आटपून. मी आले तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या. बसताना भिंतीला हात लावायच्या, उठताना दोन हात लावायच्या.

चाळीस साली माघात अभिषेक आहे, अशी बातमी आदल्या वर्षी आली. शेजारच्या अक्काताई बायका-पुरुषांचा संघ जमवायला लागल्या. चिकोडी रोडपर्यंत गाड्या, तिथून रेल्वे. आत्तींनी अंदाज केला आणि जोंधळा कमी पडेल असं त्यांना वाटलं. त्या दिवसापासून त्यांनी एक दिवसाआड उपवास धरला. रानातली कामं तशीच चालू. मी म्हटलं, आत्ती, असं करून तुम्ही गाडीत तरी चढाल का? त्या म्हणाल्या, चढायचं काम गाडीवानाच्या आधारानं होईल, जोंधळ्याचं कुणाच्या आधारानं व्हायचं?

इथंच त्यांची चूक झाली. मडकं आता भराभर भरू लागलं. दुसरं मडकं मांडायचं सोडून त्या भर पावसात कणगीचं लिंपण फोडायच्या, जोंधळा आत ओतायच्या आणि पुन्हा लिंपायच्या. लिंपलेली कणगी पावसाळ्यात उघडायची नसते, हे आमच्याकडं परकरातल्या पोरीलाही माहीत असतं. आत्तींना माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पण कणगीतला जोंधळा वर चढताना त्यांना बघायचा होता. पंधरा वर्षांत त्यांनी स्वतःचे केलेले लाड म्हटले तर एवढेच.

संघ निघायला बारा दिवस राहिले तेव्हा विकायला म्हणून कणगी फोडली. वरचा जोंधळा ओंजळीत घेतला आणि तो हलायला लागला. सोंडे पडले होते. कणगी रिकामी करून चार पोती भरली, तर वरपासून खालपर्यंत सगळ्यांत तेच.

दुसऱ्या कुणाच्या घरी हे संकटच नव्हतं. घरावरच्या माळवदावर धान्य पसरायचं, दोन दिवस ऊन द्यायचं, किडे मरतात किंवा पळतात, चाळून पोती भरायची. मामंजींनी जेवता जेवता तेच सांगितलं. उन्हात टाक म्हणाले, व्यापाऱ्याच्या वखारीत काय होतं ते आपण बघायला जातो का. स्वतः ते रोज मंदिरात जात. त्या साली निपाणीत तंबाखूला भाव नाही, असंही त्यांनी त्याच घासाला सांगून टाकलं. भाव कधी होता, ते काही त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

आत्ती उन्हात टाकायला तयार नव्हत्या. पाणी गाळून प्यायचं, गाळण्यात राहिलेले जीव परत विहिरीत सोडायचे, दिवस मावळला की तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही, कारण दिव्यावर जीव येतात, असा त्यांचा जन्म गेला होता. बाहुबलीच्या दर्शनाला जायचं म्हणून पोत्याला लाखभर जीव भाजायचे, हे त्यांच्या हातून होण्यासारखं नव्हतं. त्यांनी सोप्यात सावलीला सूप घेतलं आणि बसल्या. एकेक सूप जोंधळा घ्यायचा, हळू पाखडायचा, सोंडे मोराच्या पिसानं एका पाटीत सारायचे. भोक पडलेला दाणा निराळा, कारण आत जीव असणार. पाटी भरली की ती आंब्याखाली नेऊन ठेवायची आणि वर दोन मुठी चांगला जोंधळा टाकायचा, त्यांना खायला. मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, आत्ती, तुमच्या भाड्यातलं त्यांना देताय. त्या म्हणाल्या, त्यांचं घर आपणच मोडलं की.

मीही त्यांच्याजवळ बसले. दोघींनी मिळून दिवसाकाठी फार तर दीड पायली व्हायचं. दिवा लावून काम करायचं नव्हतं. आठ दिवसांत पोतं भरलं, वर थोडं. आत्तींचे डोळे लाल झाले, मान एका बाजूला धरली, आणि एक दिवसाआड उपवास चालूच होता. अक्काताई रोज येऊन उरलेल्या दिवसांची आठवण करून द्यायच्या. त्या गेल्या की आत्ती सूप पुढं ओढून पुन्हा पाखडायला लागायच्या.

नवव्या दिवशी दुपारी पाखडता पाखडता त्यांना खांबाला टेकूनच झोप लागली. तोंड उघडं, हातात पीस. मी त्यांच्याकडं बघितलं आणि माझं डोकं फिरलं. ह्या बाईनं आयुष्यात एक गोष्ट मागितली, आणि ती आता किड्यांच्या हातात. मी परड्यात जाऊन नवऱ्याला, श्रीपालला, बोलावलं. त्यांनी उरलेली पोती खांद्यावर घेऊन माळवदावर नेली आणि आम्ही दोघांनी ती रणरणत्या उन्हात पसरली.

घटकाभरात सोंडे वर आले. काळी रेघ कडेकडेला सरकायला लागली, भिंतीपर्यंत जाऊन तिथंच थांबायला लागली. चिमण्या उतरल्या. मी बघत उभी राहिले. करायला लागले तेव्हा राग होता म्हणून जड गेलं नाही, बघायला मात्र जड गेलं.

आत्ती उठल्या तेव्हा उन्हं कलली होती. सोप्यात पोती नाहीत हे बघून त्या शिडीनं वर आल्या. एकेका पायरीवर थांबत आल्या, ते मला ऐकू येत होतं. वर येऊन त्यांनी सगळं बघितलं. भिंतीच्या कडेला उकिडव्या बसल्या आणि जे अजून हलत होते ते पदराच्या टोकावर घ्यायला लागल्या. मीही बसले, तर म्हणाल्या, तू नको. अंधार पडेपर्यंत त्या एकट्याच वेचत होत्या.

दुसऱ्या दिवशी श्रीपालनी जोंधळा सदलग्याला नेऊन विकला. भाव पडून मिळाला, तरी एका माणसाच्या जाण्यायेण्याचं, शिध्याचं आणि अभिषेकाच्या एका लहान कलशाचं भागणार होतं. आत्तींनी ते पैसे मामंजींना दिसू दिले नाहीत. चुलीपुढं माझ्या ओच्यात टाकले.

“शालन, संघाबरूबर तू जा,” त्या म्हणाल्या.

मी रडायलाच लागले. म्हटलं, “आत्ती, तुमच्यापायीच केलं मी. मला काय कराचं हाय तिथं?”

“म्हायती हाय गं. म्हणूनच राग न्हाय माझा. पर ह्या पैशानं मला त्येच्या पायापाशी हुबं ऱ्हाता यायचं न्हाय. तू केलंस, तूच माफी मागून घे.” चुलीतलं लाकूड मागं ओढून त्या म्हणाल्या, “आणि मी दमले गं. लई दमले.”

ही शिक्षा होती की देणगी, ते मला आजवर नीट कळलेलं नाही. कधी एक वाटतं, कधी दुसरं. मी त्यांचे पाय धरले, श्रीपालकडून सांगवून बघितलं, अक्काताईंनी तर त्यांना अर्धी सकाळ समजावलं. आत्ती हलल्या नाहीत. मामंजी म्हणाले, तरण्या सुनेला कशाला धाडायचं? त्यावर आत्तींनी त्यांच्याकडं एकदाच बघितलं आणि मामंजी पान लावायला लागले. निघताना आत्तींनी मला दशम्या बांधून दिल्या आणि गाडीमागं चावडीपर्यंत चालत आल्या.

मी अभिषेक बघितला. सहाशेवर पायऱ्या, पाऊल ठेवायला जागा नाही इतकी माणसं, वरून दूध, हळद, चंदन ओतलेलं. बाजूच्या बायका रडत होत्या, जयजयकार करत होत्या. मला राहून राहून वाटत होतं की मी दुसऱ्याच्या ताटावर बसले आहे. क्षमा मागायची म्हणून आले होते, ती सोंड्यांची मागायची की आत्तींची, ते डोंगर उतरेपर्यंत ठरलं नाही.

घरी आले तर आत्तींनी अभिषेकाचं काहीच विचारलं नाही. पाणी दिलं, म्हैस आटली म्हणून सांगितलं. कणगी परड्यात उलथी पडली होती, पुढं ती जळणात गेली. उपवास त्यांनी सोडले नाहीत, पण त्या तीन ओंजळी पुन्हा कधी बाजूला काढल्या नाहीत. न खाल्लेलंही आता घरचंच झालं. मग पावसाळ्यात एकदा, जात्यावर दोघी बसलो असताना, त्यांनी खाली बघतच विचारलं की डोंगर चढताना सावली असते का. नसते, म्हटलं. दगड तापतात का? लई तापतात, म्हटलं. तिथून सुरू झालं. दळताना, निवडताना, रानात जाता-येता त्या एकेक विचारायच्या आणि मी सांगायची. आधी कोण चढलं, दूध ओतलं तेव्हा मूर्ती कशी दिसली, खाली कुठं उतरलो होतो, तिथलं पाणी कसं. सहा-सात वर्षं मी तेच तेच सांगत आले. माझ्या तोंडून काही सुटलं तर त्याच आठवण करून द्यायला लागल्या.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. ताप यायचा, जायचा. गावातल्या बायका बघायला यायच्या. अशाच एका दुपारी अक्काताईंची नवी सून त्यांच्या उशाशी येऊन बसली. तिला संघाबद्दल ऐकायचं होतं, म्हणून तिनं मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आत्तीच बोलायला लागल्या. आम्ही पहाटेच निघालो, म्हणाल्या. पायात काही घालायचं नसतं, दगड तापायच्या आत वर पोचायला लागतं. मधे एका ठिकाणी माझा दम गेला तर ह्या शालननं मला कमरेला धरून वर नेलं. मग दूध ओतलं, ते आधी खांद्यावर आलं, मग छातीवरून मूर्तीच्या अंगावरल्या दगडी वेलींवर, आणि पायाशी आलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी ओंजळी पुढं केल्या.

आयुष्यात कधी खोटं न बोललेली बाई ती. तापात बोलत होती की शुद्धीवर, ते कळायला मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. डोळे स्वच्छ होते, आणि माझ्याकडंच लागले होते. त्या वाट बघत होत्या.

“व्हय,” मी त्या पोरीला म्हटलं, “आत्ती म्होरं हुत्या, मी मागनं. लई चढ हुता.”

“लई,” आत्ती म्हणाल्या. “पाय अजून दुखत्यात बघ.”

त्यांनी पाय माझ्याकडं केले. मी अंथरुणाच्या पायथ्याशी सरकून ते मांडीवर घेतले आणि दाबायला लागले.