नकाशात न आलेली अक्का

मी सीमाभागातल्या, चिटगुप्प्याकडच्या एका शेतकरी सोसायटीचा निवृत्त सेक्रेटरी. माझ्या निरोप समारंभात तिघांनी सांगितलं, "अडचण कुठलीही असो, साहेबांकडं उत्तर असायचं." ते खरं नाही. उत्तर अक्काकडं असायचं. मी ते दारात जाऊन ऐकायचो आणि खुर्चीवर येऊन पुन्हा म्हणायचो.

अक्का झाडलोट करायला आणि पाणी भरायला होती. सरकारी तूरखरेदीच्या नोंदणीच्या दिवसांत ती दारात उभी राही. आमच्या एका खिडकीवरच्या कारकुनाला कन्नडशिवाय काही कळत नसे, दुसऱ्याला कन्नड सोडून सगळं कळे. कुणाला कुठं पाठवायचं ते ती ठरवी. पहाणीवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, भावाभावांची नावं सामाईक असली की सगळ्यांच्या सह्या लागत. कुठल्या घरातले भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत, हे अक्काला पाठ होतं. ती एकाला सोमवारी बोलावी, दुसऱ्याला मंगळवारी. सह्या होत आणि डोकीही शाबूत राहत.

मग वरून आदेश आला, सोसायटीचं 'एंटरप्राइज आर्किटेक्चर' करायचं. आमच्या चेअरमनांनी नव्या इमारतीसाठी जागा मोजून ठेवली. आली बेंगळुरूची एक इंजिनिअर मुलगी, पिवळ्या चिकटचिठ्ठ्या घेऊन. तिनं नीट समजावलं. संस्थेत कोण काय करतं, कुठली माहिती कुणाकडून कुणाकडं जाते, याचा नकाशा म्हणजे आर्किटेक्चर. आज जसं चालतं तो 'अ‍ॅज-इज', उद्या जसं चालावं तो 'टू-बी', आणि दोहोंतलं अंतर म्हणजे 'गॅप'. या कामाशी ज्याचं बरंवाईट बांधलेलं आहे तो 'स्टेकहोल्डर'.

"पण सर, पहिला नकाशा खरा पाहिजे," ती म्हणाली. "तो चुकला तर दुसरा नुसता शोभेचा."

मी जोरात मान डोलावली.

"अडचणी कोण सोडवतं?"

"मीच."

"माणसांना खिडक्या कोण वाटून देतं?"

"मीच सांगतो."

"भावांच्या सह्या?"

"त्याही मीच बघतो."

प्रत्येक उत्तराला ती माझ्या चौकोनाला एक बाण जोडी. थोड्या वेळानं तो चौकोन उगवत्या सूर्यासारखा दिसू लागला. मला तो फार आवडला. मग तिनं कोपऱ्यात झाडणाऱ्या अक्काला विचारलं, "तुम्ही काय करता?"

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं.

"झाडू मारते, बाई."

टू-बी नकाशात झाडलोट ठेकेदाराकडं गेली आणि अक्का घरी गेली. त्या कागदावर सही माझी आहे.

नव्या पद्धतीत फोनवर मेसेज जाऊ लागले. एका पहाणीतल्या सगळ्या भावांना एकाच वेळी बोलावणं, कागदावर अगदी शहाणपणाचं. पहिल्याच सकाळी निर्ण्याकडचे दोन भाऊ खिडकीपुढं समोरासमोर आले. बांधावरून त्यांचा कित्येक वर्षांचा अबोला होता.

"तू कामून आलास?"

"मला मेसेज आलाय. तू कामून आलास?"

"माझं नाव न्हाई व्हय पहाणीवर?"

पुढचं बोलणं चपलांनी झालं. प्रिंटर पडला, कन्नड कारकून टेबलाखाली गेला, आणि बाहेर अशा आणखी तीन जोड्या आपल्या पाळीची वाट बघत उभ्या होत्या.

इंजिनिअर मुलगी धावत आली. "सर, असं कसं झालं?"

"सिस्टिम नवी आहे," मी म्हणालो. म्हणजे तेही तिच्यावरच ढकललं.

आठवड्याभरात भांडणं आपोआप थांबली. अक्कानं रस्त्यापलीकडं चहाचं हॉटेल टाकलं होतं. लोक आधी तिथं बसत, ती सांगेल त्या दिवशी आणि सांगेल त्या खिडकीवर जात. टू-बी यशस्वी झाल्याचं प्रशस्तिपत्र मात्र मला मिळालं.

निवृत्त झालो तरी ते डोक्यातून जाईना. गेल्या आठवड्यात हॉटेलावर गेलो.

"अक्का, तुमचं काम मी माझ्या नावावर लिहून दिलं."

"ठाव हाय. भिंतीवरच्या त्या नकाशाची धूळ मीच पुसायची की."

"मग त्या इंजिनिअर बाईंना बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलताव म्हणून वाट बघत व्हते."

मला खाली बघावं लागलं. म्हणालो, "चेअरमनांशी बोलतो. परत या."

"न्हाई बाबा. तिथं झाडू बी मारायचा आन् सोसायटी बी चालवायची. इथं झाडू माझ्यापुरताच हाय. पर तुम्ही आता काय करायलाव?"

मी खिशातून दोन पानं काढली. सगळं खरं लिहून चेअरमनांना द्यायचं ठरवलं होतं.

"त्यांना नंतर द्या. आधी हितं वाचा."

बाकड्यांवर आठ-दहा शेतकरी होते, माझ्या निरोपाच्या भाषणाला टाळ्या वाजवलेलेही. मी उभा राहून वाचायला लागलो. एक पान संपलं तेव्हा अक्कानं गाळणी वर केली.

"दमा साहेब. मागच्या बाकड्याला ऐकू जायना. पहिल्यापासून घ्या."