गळ्यावरचा अंगठा

ही हकीकत मला उमाबाईंनी सांगितली. जगदेवराव जिनगर त्यांचे यजमान, आणि जगदेवरावांचे धाकटे भाऊ कृष्णाजी म्हणजे माझे आजोबा. आजोबांनी यातलं अक्षरही कधी तोंडातून काढलं नाही.

१९०८ सालची गोष्ट. देवासात तेव्हा दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, पण रस्ते वाटून घेतलेले. जगदेवराव थोरल्या पातीच्या पागेत खोगिरं करायचे, कृष्णाजी धाकट्या पातीच्या. एवढ्यावरूनच दोघा भावांत एक बारीक सल होता. तरी दसऱ्याआधी काम तुंबलं, तेव्हा जगदेवरावांनी घोड्याच्या पोटाखालून आवळायचा एक तंग कृष्णाजीकडून शिवून घेतला. खोगीर बसतं कसं ते पाहायला स्वतः घोड्यावर चढले आणि तंग तुटला. डोकं दगडी कुंडावर आपटलं.

जखम पंधरा दिवसांत भरली. मग कानात आवाज सुरू झाला. सूं-सूं, सूं-सूं, भाता चालवल्यासारखा. दुपारी गल्ली शांत झाली की तो वाढे. शेजारचा लोहार मुद्दाम त्रास देतोय असं ठरवून जगदेवराव एके दिवशी त्याच्यावर धावून गेले. लोहार दारातच बसला होता. म्हणाला, "भिया, भट्टी तो कल से ठंडी पडी है."

मग डावा डोळा लाल होऊन पुढे आला. पापणी लोंबू लागली. एका टाक्याच्या जागी दोन दिसू लागले. तुटलेला तंग त्यांनी पेटीत कुलूप लावून ठेवला आणि किल्ली करगोट्याला बांधली. कृष्णाजीच्या घरून आलेलं काही खाईनासे झाले. उमाबाईंनी वाढलेलं ताटही आधी हुंगून बघत.

"मी काय विष घालीन का हो तुम्हाला?" उमाबाईंनी एकदा विचारलं.

"तू नाही घालणार. पण तुझ्या हातात कोण काय देतं, ते तुला कुठं कळतं?"

पाच महिन्यांनी उमाबाई त्यांना आगगाडीने इंदूरला घेऊन गेल्या. तिथले डॉक्टर दत्तोपंत मुंबईस शिकून आलेले. त्यांनी नळी जगदेवरावांच्या कानशिलावर टेकवली आणि म्हणाले, "मलाही ऐकू येतंय."

जगदेवरावांचा विश्वास बसेना. "मग मेजावर बोट वाजवून दाखवा. जसं ऐकू येतंय तसंच."

डॉक्टर बोट वाजवू लागले. ठेका तंतोतंत जुळला. इतके दिवस लोक त्यांना वेडाच समजत होते.

एवढ्यात डॉक्टरांनी त्यांच्या गळ्यावर डाव्या बाजूला अंगठा दाबला. जगदेवरावांनी झटकन त्यांचं मनगट पकडलं. पण आवाज थांबला होता.

"डोळ्यामागं, मेंदूच्या बुडाशी धमनीला फुगा आलाय," डॉक्टरांनी समजावलं. "पडल्यावर तिची भिंत विरली. तिथवर सुरी नेता येत नाही. म्हणून गळ्यातच ती धमनी बांधायची, म्हणजे फुग्यावरचा जोर कमी होईल. पण एकाएकी बांधली तर अर्धं अंग लुळं पडेल, जीवही जाईल. आधी तीन आठवडे रोज दोन वेळा अंगठ्यानं दाबून मेंदूला सवय करायची. बोलणं अडलं, उजवा हात सैल पडला, तर तत्काळ सोडायचं."

उमाबाईंनी दाबून पाहिलं, पण अंगठा निसटे. त्या कामाला कातडं टोचायची आरी धरून घट्टे पडलेला अंगठा हवा होता. जगदेवरावांखेरीज घरच्या माणसांत तसा अंगठा एकाचाच होता.

कृष्णाजी दुसऱ्याच दिवशी इंदूरला जाऊन डॉक्टरांकडून रीत शिकून आले आणि देवासच्या घरी रोज दोन वेळा येऊ लागले. जगदेवराव भिंतीला टेकून बसत आणि मांडीवर पंचा पसरत. पंच्याखाली उजव्या हातात कातडं कापायची रापी असे, टोक भावाच्या पोटाकडे. उमाबाईंना ते दिसत होतं. त्या दारात उभ्या राहून मिनिटं मोजत.

आठव्या दिवशी पाच मिनिटं झाली असतील. जगदेवरावांना 'सोड' म्हणायचं होतं. ओठ हलले, शब्द येईना. रापी पंच्याखालून घसरून फरशीवर पडली आणि त्याच क्षणी कृष्णाजींनी अंगठा काढला.

काही वेळाने जगदेवरावांना वाचा आली. "तुला रापी ठाऊक होती?"

"पहिल्या दिवसापासून, दादा. मी तुमच्या हाताकडंच बघत होतो. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं."

जगदेवरावांनी पेटी उघडायला लावली. तंग बाहेर काढला. कृष्णाजीचे टाके शाबूत होते. फाटलं होतं ते कातडं, बकलापाशी. आणि ते जगदेवरावांनी स्वतः निवडून दिलं होतं.

"कुणी बदललं असेल," ते पुटपुटले.

"किल्ली तुमच्याच कमरेला आहे की," उमाबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून पंचा मांडीवर आला नाही.

इंदूरला शस्त्रक्रियेच्या सकाळी जगदेवरावांनी डॉक्टरांकडे दोरा मागितला. शुद्ध केलेल्या दोऱ्याला हात लावता येणार नाही म्हणून डॉक्टरांनी त्याच रिळाचा वेगळा तुकडा दिला. जगदेवरावांनी तो ओढून, पीळ उलगडून पाहिला. "रेशीम बरं आहे. पण गाठ एकच मारणार का?"

"दोन ठिकाणी बांधणार आहे."

तेवढ्याने समाधान झालं नाही. क्लोरोफॉर्मचं फडकं नाकाशी आलं तसे ते ओरडले, "कृष्णा! बाहेर जाऊ नकोस. हे काय करतात ते नीट बघ."

डॉक्टरांनी मानेनंच होकार दिला. कृष्णाजी भिंतीशी उभे राहिले आणि शेवटपर्यंत पाहत राहिले. त्यानंतर महिनाभर त्यांना जेवण गोड लागलं नाही.

जगदेवराव शुद्धीवर आले तेव्हा डोक्यात काहीच वाजत नव्हतं. दोन दिवस जीभ जड होती. ती सुटली, पण उजव्या हाताची पकड पुरती परत आली नाही. डोळा महिन्या-दोन महिन्यांनी आत गेला. पापणी अर्धी मिटलेलीच राहिली.

खोगीर शिवायला दोन्ही हात लागतात. म्हणून कातडं पारखायचं, आखायचं जगदेवरावांनी आणि टाके घालायचे कृष्णाजींनी, असं सुरू झालं. धाकट्या पातीचा माणूस थोरल्या पातीचं काम करतो म्हणून कुरकुर झाली. जगदेवरावांनी ती कानाआड केली.

स्वभाव मात्र गेला नाही. दूधवाला, वैद्य, जावई, सगळ्यांवर त्यांची नजर असे. पुढं १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीत ते गेले. शेवटच्या आठवड्यात उमाबाई औषधाची वाटी घेऊन जवळ आल्या की ते तोंड फिरवून विचारत, "कृष्णाला दाखवलंस का?"

कृष्णाजी दारातून "दाखवलंय, दादा" म्हणाले, की मगच ते औषध घेत.