सापाची नांगरट
लग्नानंतर मी पहिला मोबाइल घेतला, तो काळ्या-हिरव्या पडद्याचा. त्यात बरा म्हणावा असा एकच खेळ होता. दाणे खात लांबलांब होत जाणारा साप. भिंतीला किंवा स्वतःच्या शेपटीला धडकला की संपलं. संध्याकाळी मी कामावरून आले की आत्या आधी माझी पर्स बघायच्या. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. म्हशीची धार काढून झाली की हात पुसून त्या पायरीवर बसत आणि बोटांनी न बघता बटणं दाबत.

मी कोल्हापुरात, राजारामपुरीत कॉम्प्युटर क्लासला शिकवायचे. दुपारी दोन बॅचेसच्या मधे तासभर रिकामा मिळायचा. तेव्हा एका मराठी चर्चेच्या साइटवर मी नुसती वाचत बसे. कुठल्या फोनची बॅटरी जास्त टिकते, कुठल्या अँटीव्हायरसनं कॉम्प्युटर लोळागोळा होतो, यावर लोक तावातावानं भांडत. एकदा सापाच्या खेळाचा विषय निघाला आणि जो तो आपापले आकडे सांगू लागला. मी पहिल्यांदाच लिहिलं, "आमच्या सासूबाईंचा आकडा तुमच्या सगळ्यांच्या वर आहे."

पुण्याच्या एका गृहस्थांनी लगेच विचारलं, "कसं खेळतात ते सांगा. नाहीतर थापा पुरे."

मला राग आला. घरी येऊन आत्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "त्यात काय हाय? शेत नांगरताना बैल कुठंबी पळवतो व्हय आपण? ह्या बांधापासनं त्या बांधापातूर जायचं, वळायचं, शेजारच्या तासानं परत यायचं. कडंचा एक तास तेवढा मोकळा ठेवायचा, माघारी यायला."

दुसऱ्या दिवशी मी ते जसंच्या तसं टाइप केलं, फक्त तास म्हणजे नांगराची ओळ, एवढं कंसात घालून. पुणेकरांनी फोटो मागितला. क्लासमधल्या एका मुलीकडं डिजिटल कॅमेरा होता, तो एका दिवसासाठी मागून आणला. आत्या म्हणाल्या, "माझा फोटू कशाला? फोनचा काढ." काढला, पण फ्लॅश पडद्यावर चमकला आणि फोटोत उरला फक्त आत्यांचा अंगठा, शेणाच्या कामानं भेगाळलेला, आणि हिरव्या बांगड्या. तोच टाकला. पुणेकरांनी थापा हा शब्द मागे घेतला.

मग मूळचा इचलकरंजीचा, अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये असलेला एकजण चर्चेत आला. त्यानं कागदावर रेघा मारून बघितल्या होत्या. त्याचं म्हणणं, प्रोग्राम लिहायचा झाला तर तोही नेमका असाच लिहावा लागेल. आत्यांच्या पद्धतीनं खेळून त्याचा साप जवळजवळ पडदाभर झाला होता.

हे मी आत्यांना वाचून दाखवलं. प्रोग्रामचं त्यांना काही नव्हतं. त्यांनी विचारलं, "एकटाच ऱ्हातोय व्हय? जेवतो काय, इचार की."

मी विचारलं. त्यानं भलंमोठं उत्तर लिहिलं. ज्वारीचं पीठ मिळतं, पण भाकरी थापतानाच फाटते, त्यामुळं ब्रेडवर भागवतो. आत्यांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि सांगितलं, "लिही. पाणी कडकडीत घे म्हणावं. पीठ तळहातानं रगडून मळायचं, दमस्तवर. घाई करायची न्हाय."

पुढचे पंधरा दिवस त्या चर्चेत कुणी सापाचं नाव काढलं नाही. पीठ जुनं असेल, तवा पातळ असेल, पाणी कुठल्या बाजूला लावायचं. पुणेकरांनीसुद्धा आपल्या आईला विचारून एक सूचना दिली. शेवटी साइट चालवणाऱ्यांनी वैतागून सगळी चर्चा पाककृतींच्या विभागात हलवली आणि विषयाला धरून बोलायची तंबी दिली.

तिथं त्या अमेरिकेतल्याचा एकच शब्द आला. "फुगली."

घरी आल्याआल्या मी सांगितलं. आत्यांनी हातातला फोन बाजूला ठेवला. "एका बाजूनं का समदी?" त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी मला ते लिहून विचारावं लागलं.