सुटलेलं अस्तर

नातवंडांनो, गेल्या महिन्यापासून मला आखीव कागदावरच्या रेघा मध्येच वाकलेल्या दिसतात. डॉक्टर म्हणतात, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग वयाने झिजला आहे, घाई नाही. मलाही घाई नाही, पण अक्षर सरळ येतंय तोवर लिहून ठेवते. तुम्ही लांब आहात, आणि तुमच्या आजोबांचा चिंचवडचा दवाखाना तुमच्यापैकी कोणी पाहिलेला नाही.

आजोबा विलायतेत पडद्याच्या आजारांचं शिकून आले होते. पुण्यात राहा असं सगळे सांगत असताना त्यांनी चिंचवडला दवाखाना थाटला आणि मागे दोन खाटांची खोली बांधली. ते पन्नासचं दशक होतं. पिंपरीला कारखाना उभा राहत होता, आणि कामगारांचे खाकी कपडे शिवायचं काम आमच्या रस्त्यावरच्या एका मुसलमान शिंप्याकडे असे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांचा एक डोळा लहानपणीच देवीत गेलेला. दुसऱ्यात विजा चमकतात आणि खालून अंधार चढतोय, म्हणून ते आले.

आजोबांनी तपासलं आणि सांगितलं, "मास्तर, पडदा सुटलाय. उद्या सकाळी अंथरूण घेऊन या, ऑपरेशन करू."

मास्तर हसले, मान डोलावली आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत.

"लोकांना नजरेची किंमत नाही," आजोबा चिडून म्हणाले.

मला तसं वाटेना. एक डोळा गमावलेला माणूस दुसऱ्याची किंमत जाणत नाही, हे कसं शक्य आहे? मी दुकानात गेले. मास्तर मशीन चालवत होते, मान वाकडी करून, जेवढं दिसत होतं तेवढ्यात सुई धरून.

"का आला नाहीत?"

"कशाला, बाईसाहेब? शेजारच्या म्हातारीचा पडदा काढाया पुण्याला न्यावं लागलं. माझा आपसूक सुटला. देवाची मेहेरबानी!"

तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडे मोतीबिंदूलाही पडदाच म्हणतात. तो सुटला, म्हणजे बरं झालं.

मी घरी येऊन आजोबांचा विलायती कोट उचलला. त्याचं अस्तर बाहीपाशी लोंबत होतं. परत दुकानात जाऊन तो मास्तरांच्या हातात दिला.

"वरचं कापड धड आहे ना? आत हात घाला. तुमच्या डोळ्यात हे झालंय. हे अस्तर म्हणजेच नजर. सगळं सुटलं की अंधार."

मास्तर आत हात घालून चाचपत राहिले. मग त्यांनी मशीनवरचा पाय काढला.

"टाचता येतं?"

"येतं. विजेचे चटके देऊन चिकटवतात."

"शिलाई कच्ची का पक्की?" आतून त्यांच्या बायकोने विचारलं.

"आधी कच्चीच. उताणं पडून अजिबात हललं नाही, तर पक्की होते."

"हे आन् हलायचं न्हाईत? व्हय, झालंच मग!" ती बाहेर आली. "माझं कधी ऐकलं न्हाई, कोटाचं तरी ऐका!"

त्याच संध्याकाळी ती दोघं अंथरूण घेऊन आली. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना ठेवायच्या वाळूच्या पिशव्या तिनेच शिवल्या, वाळू पवना नदीची. ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून मास्तर कितीतरी दिवस पडून होते. डोकं दगडासारखं स्थिर, पण चादरीखाली पाय मात्र चालू. ती गुडघ्यावर हात दाबून म्हणे, "मशीन बंद!"

पट्टी सुटली तेव्हा आजोबांनी काही विचारायच्या आतच मास्तर म्हणाले, "साहेब, कोट अजून तसाच?"

आजोबांनी अंगातला कोट काढून त्यांच्या हातात दिला. त्यानंतर आमच्या दवाखान्यात पडदा सुटला असं कोणी कुणाला सांगितलं नाही. अस्तर म्हणायचं ठरलं.

मास्तरांना खालच्या कडेचं थोडं अंधुकच दिसत राहिलं. बाकी नजर शेवटपर्यंत टिकली. बारीक काम बायको करी, कापणं त्यांचं.

दवाखाना पाडून तिथे आता चार मजली इमारत झाली आहे. आजोबा नाहीत, मास्तर नाहीत, त्यांची बायकोही नाही. दुकान आहे. त्यांची नात चालवते.